अमेरिकेत ग्राहक म्हणून फसलात? दावा कोणाला लावता येतो, आणि कधीपर्यंत

अमेरिकेत नव्याने आलेल्या कोणाला गंडवलं गेलं की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला सल्ला हमखास येतो: "एफटीसीकडे तक्रार टाक." टाका, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्यातून आपले पैसे परत येतील या आशेवर राहू नका. एफटीसी म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन, व्यापारावर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या कायद्याचं पाचवं कलम फसव्या आणि अन्यायकारक व्यापाराला मनाई करतं खरं, पण त्या कलमाखाली कारवाई करायचा अधिकार कमिशनचा आहे, तुमचा-माझा नाही. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने १९७३ मध्ये हे स्पष्ट केलं आणि आजही तीच स्थिती आहे.

तुमच्या हातात असतो तो राज्याचा कायदा. प्रत्येक राज्याने एफटीसी कायद्याच्या धर्तीवर आपापला कायदा केला आणि त्यात कधी ना कधी सामान्य माणसालाही दावा लावायची मुभा दिली. न्यू जर्सीचा कन्झ्युमर फ्रॉड अ‍ॅक्ट १९६० चा, पण खासगी दाव्याची सोय त्यात १९७१ मध्ये आली. न्यूयॉर्कने त्यासाठी १९८० उजाडू दिलं. आयोवा सगळ्यांत शेवटी, थेट २००९ मध्ये.

आपल्याकडे जसा जिल्हा ग्राहक आयोग असतो तसं वेगळं न्यायालय इथे नाही. दावा नेहमीच्याच कोर्टात चालतो आणि तो टिकेल की नाही हे बहुतेक वेळा चार गोष्टींवर ठरतं: समोरचा कोण, तुम्ही कोण, नुकसान काय झालं आणि वेळ किती गेला. 'माझी फसवणूक झाली' हे तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं असतं. कोर्ट तिथपर्यंत पोचण्याआधी या चार गोष्टी विचारतं. खालची माहिती कागदपत्रं जुळवायला आणि नेमके प्रश्न घेऊन वकिलाकडे जायला पुरेशी आहे, वकिलाच्या जागी ती चालणार नाही.

आधी बघा: समोरचा धंदा करणारा आहे का?

हे कायदे 'ट्रेड ऑर कॉमर्स'साठी आहेत, म्हणजे समोरच्याने तो व्यवहार व्यवसाय म्हणून केलेला असला पाहिजे. नवीन माणूस सगळ्यांत जास्त इथेच अडकतो, कारण आपली पहिली खरेदी बहुधा दुकानातून होतच नाही. कोणीतरी भारतात परत चाललेला असतो, त्याचा 'मूव्हिंग सेल' लागतो, त्यातून सोफा, टीव्ही आणि १० वर्षं जुनी कॅमरी आपण उचलतो. महिन्याभरात कॅमरीचं ट्रान्समिशन गेलं आणि त्याला ते आधीपासून माहीत होतं हे कळलं, तरी या कायद्याखाली त्याच्यावर दावा लागणार नाही. तो गाड्या विकायचा धंदा करत नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये घराबाबत हेच सांगितलं: स्वतःचं राहतं घर एकदाच विकणारा माणूस चॅप्टर ९३-ए च्या, म्हणजे तिथल्या ग्राहक कायद्याच्या, कक्षेत येत नाही. त्याच्यावर साध्या फसवणुकीचा किंवा कराराचा दावा लावता येतो, पण त्यात दुप्पट-तिप्पट भरपाई नाही आणि वकिलाची फी समोरच्याकडून मिळणं तर जवळजवळ विसराच. तीच कॅमरी डीलरकडून घेतली असती तर चित्र पूर्ण वेगळं असतं.

घरमालकाचंही असंच. भाड्याने घरं देणं हाच ज्याचा व्यवसाय तो कायद्यात बसतो. पण तीन मजली घरात वरच्या मजल्यावर स्वतः राहून खालचे भाड्याने देणारा मालक मॅसॅच्युसेट्समध्ये 'धंद्यात' धरला जात नाही, असा १९८६ चा निकाल आहे. त्याच्याविरुद्ध डिपॉझिटचा वेगळा कायदा आहेच, आणि तो पुरेसा कडक आहे.

मग नोकरी देणारा? एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. कंपनीने काम नसताना 'बेंच'वर बसवून पगार दिला नाही तर ही 'अनफेअर प्रॅक्टिस' नव्हे का? रोजच्या बोलण्यात आहे, कायद्यात नाही. मालक आणि नोकर यांच्यातला वाद या कायद्यात येत नाही, असं मॅसॅच्युसेट्सने १९८३ मध्येच ठरवून टाकलं आहे. अशा पगारासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याचा वेज अँड अवर विभाग हा योग्य दरवाजा आहे. ओपीटीवरच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावरच्या, मुलामुलींकडून 'ट्रेनिंग आणि प्लेसमेंट'च्या नावाखाली पैसे घेणाऱ्या कन्सल्टन्सीचं मात्र निराळं. तिथे पैसे तुम्ही मोजले, सेवा तुम्ही विकत घेतली, म्हणजे ग्राहक म्हणून उभं राहायला जागा आहे. नोकरीची शंभर टक्के हमी देणारी ती जाहिरात वेबसाइटवरून गायब व्हायच्या आत तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डॉक्टर, वकील यांच्या व्यावसायिक सल्ल्याला बरीच राज्यं या कायद्यातून वगळतात. न्यू जर्सीने २००४ मध्ये आणि टेक्ससने थेट कायद्यातच, काही अपवाद ठेवून, तसं केलं आहे.

मग स्वतःकडे बघा: तुम्ही कोण म्हणून उभे आहात?

व्हिसाची काळजी करू नका. कायद्यात 'पर्सन' किंवा 'कन्झ्युमर' असा शब्द असतो, 'सिटिझन' असा नसतो. एफ-वन असो, एच-फोर असो, नाहीतर सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, दावा लावायचा अधिकार सगळ्यांना सारखाच.

खरा फरक पडतो तो खरेदी कशासाठी केली याने. कॅलिफोर्नियाचा कन्झ्युमर्स लीगल रेमिडीज अ‍ॅक्ट फक्त स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा घरगुती वापरासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवांना लागू होतो, आणि तोही व्यक्तीला. कर वाचवायला म्हणून फ्रिजसुद्धा एलएलसीच्या, म्हणजे स्वतःच्या छोट्या कंपनीच्या, नावावर घेणारे आपल्यात कमी नाहीत. तो कर वाचतो की नाही हे सीए जाणे, ग्राहक म्हणून मिळणारं संरक्षण मात्र त्यात जाऊ शकतं. टेक्सस याबाबत सढळ आहे: तिथे कंपनीसुद्धा 'कन्झ्युमर' असू शकते, फक्त तिची मालमत्ता अडीच कोटी डॉलरच्या आत हवी. शिवाय पैसे देणारा आणि वापरणारा एकच असला पाहिजे असाही तिथे आग्रह नाही. मॅसॅच्युसेट्सने दोन खोल्याच वेगळ्या केल्या आहेत. ग्राहकांसाठी कलम ९ आणि धंदेवाल्यांच्या आपसातल्या भांडणासाठी कलम ११. तुमचं केटरिंग असेल आणि पुरवठादाराने गंडवलं असेल तर रस्ता ११ चा, आणि त्यात गैरप्रकार मुख्यतः मॅसॅच्युसेट्समध्येच घडलेला असावा लागतो.

न्यूयॉर्कची अट जरा तिरकी आहे. तिथे नुसतं 'मला फसवलं' पुरत नाही. तसंच वागणं सर्वसाधारण ग्राहकांशीही होऊ शकेल असं असावं लागतं, दोघांमधला खास ठरवून केलेला सौदा चालत नाही. छापील फॉर्म, जाहिरात, सगळ्यांना सारखीच दिलेली किंमत असं काही असेल तर ते पुरावा म्हणून जपा.

नुकसान, आणि तेही पैशांत

माझ्या मते निम्मे दावे इथेच गळतात. राग आला, चार शनिवार फोनवर गेले, झोप उडाली, हे सगळं खरं. पण न्यू जर्सीचा कायदा विचारतो तो 'अ‍ॅसर्टेनेबल लॉस', म्हणजे पैशाचा किंवा मालमत्तेचा मोजता येण्यासारखा तोटा.

दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की हे चटकन समजतं. २००५ च्या निकालात काही मर्सिडीज मालकांचं म्हणणं होतं की गाडीचं इंधन दाखवणारं मीटर सदोष आहे आणि कंपनीने ते लपवलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, दुरुस्तीचा खर्च किती आला? शून्य. वॉरंटीत फुकट करून मिळाली होती. मग तोटा नाही, दावा नाही. उलट १९९४ च्या प्रकरणात सिअर्सने एका घरातलं स्वयंपाकघराचं काम वाईट केलं होतं. मालकाने दुरुस्तीवर अजून खर्च केलेला नव्हता, तरी चाललं. दुरुस्तीला किती लागतील याचा अंदाज तोटा म्हणून ग्राह्य धरला गेला. न्यू जर्सीत तोटा सिद्ध झाला की तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी कोर्टाच्या मर्जीवर राहत नाही, द्यावीच लागते.

तेव्हा बेसमेंट करणाऱ्याने काम अर्धवट टाकलं तर आधी दुसऱ्या कंत्राटदाराकडून लेखी एस्टिमेट घ्या. शक्यतो दोघांकडून. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं कंत्राट लेखी असावं लागतं. तुमचं तोंडी असेल तर चूक तुमची नाही, त्याची आहे, आणि अशा नियमभंगात त्याचा हेतू काय होता हे सिद्ध करायचीही गरज पडत नाही. मात्र त्या भंगामुळे तोटा झाला हे दाखवावंच लागतं.

कॅलिफोर्नियात एकेकाळी तोटा दाखवायची अटच नव्हती. कोणीही 'जनतेच्या वतीने' अनफेअर कॉम्पिटिशन लॉ खाली दावा लावू शके. बेव्हर्ली हिल्सच्या एका वकिली फर्मने मग हजारो छोट्या गॅरेजांवर आणि रेस्टॉरंटांवर किरकोळ कारणांवरून दावे लावले आणि 'इतके डॉलर द्या, मिटवू' असा सपाटा लावला. त्यात स्थलांतरितांची दुकानं बरीच होती. शेवटी २००४ मध्ये प्रपोझिशन ६४ वर मतदान होऊन 'स्वतःचा पैसा किंवा मालमत्ता गमावली असेल त्यानेच यावं' ही अट आली. आज ती आपल्याला जाचते, पण आपल्याच उडुप्याला आणि पटेलांच्या मोटेलला ती वाचवतेही. २०११ मध्ये कोर्टाने तिचा अर्थ थोडा सैल केला: 'मेड इन यूएसए' असं खोटं छापलेलं कुलूप त्या शब्दांवर विसंबून घेतलं असेल, एरवी घेतलं नसतं, तर कुलूप चांगलं चालत असलं तरी पैसे गमावले असं धरता येतं.

दोन ठिकाणी दार बंदच आहे

विमान कंपन्या. विमानप्रवासातून जमवलेले माइल्स कापले, तिकिटाचे नियम बदलले, जाहिरात एक आणि दिलं दुसरंच, काहीही असो, राज्याचा ग्राहक कायदा चालत नाही. १९७८ च्या फेडरल कायद्याने ते क्षेत्र राज्यांकडून काढून घेतलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सवरून इलिनॉयमध्ये लावलेला दावा १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ग्राहक कायद्याचा भाग उडाला, करारभंगाचा टिकला. म्हणून विमान कंपनीशी भांडताना 'फसवलं' यापेक्षा 'तुमच्याच करारातलं अमुक कलम मोडलं' असं लिहा आणि तक्रार वाहतूक खात्याकडे करा.

दुसरे मूव्हर्स. सामान एका राज्यातून दुसऱ्यात नेताना फुटलं किंवा हरवलं तर १९०६ ची कारमॅक अमेंडमेंट लागू होते आणि राज्याच्या कायद्याचे दावे बाजूला पडतात. कंपनीला लेखी क्लेमसाठी किमान नऊ महिने आणि तो फेटाळल्यापासून दाव्यासाठी किमान दोन वर्षं द्यावी लागतात. बहुतेक कंपन्या नेमकी तेवढीच देतात, एक दिवस जास्त नाही.

तारीख मोजा

मुदतीचे आकडे राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की शेजारच्या राज्यातल्या मावसभावाचा सल्ला इथे धोक्याचा ठरतो. न्यू जर्सीत सहा वर्षं. मॅसॅच्युसेट्समध्ये चार. कॅलिफोर्नियाच्या अनफेअर कॉम्पिटिशन लॉला चार, पण कन्झ्युमर्स लीगल रेमिडीज अ‍ॅक्टला तीन. न्यूयॉर्कला तीन. टेक्ससला दोनच.

किती वर्षं याच्याइतकंच ती कधीपासून मोजायची हेही महत्त्वाचं. टेक्ससमध्ये फसवणूक उघड झाली, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर उघड झाली असती, त्या दिवसापासून मोजता येते. कनेटिकटचा कायदा मात्र निष्ठुर आहे: गैरप्रकार घडला त्या दिवसापासून तीन वर्षं, तुम्हाला कळलं असो वा नसो. हार्टफर्डच्या विमा कंपन्यांमध्ये आलेल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. आणखी एक गैरसमज: अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे तक्रार केली म्हणजे घड्याळ थांबतं. थांबत नाही. ते कार्यालय मध्यस्थी करायचा प्रयत्न करतं, कधी कधी पैसेही मिळवून देतं, पण ते तुमचे वकील नव्हेत.

पत्र

काही राज्यांत दाव्याआधी पत्र पाठवणं सक्तीचं आहे. मॅसॅच्युसेट्सला कलम ९ साठी ३० दिवस आधी. कॅलिफोर्नियात, भरपाई हवी असेल तर, ३० दिवस आधी आणि तेही सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड मेलने. टेक्ससला ६० दिवस. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सक्ती नाही, तरी पाठवाच, कारण निम्मी प्रकरणं पत्रावरच मिटतात असं मला वाटतं. न्यू जर्सीत वेगळंच एक काम असतं: दावा दाखल झाला की १० दिवसांत त्याची प्रत अ‍ॅटर्नी जनरलला पाठवायची.

पत्र इंग्रजीतच लिहाल, पण त्यात काय असावं हे दाखवायला एक काल्पनिक नमुना मराठीत देतो. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा डीलर, जुनी होंडा:

"१२ एप्रिल रोजी मी तुमच्याकडून २०१७ ची सिव्हिक ११,४०० डॉलरना घेतली. तुमच्या ऑनलाइन जाहिरातीत आणि सेल्समनच्या बोलण्यात गाडीला कधीही अपघात झाला नाही असं सांगितलं होतं. जाहिरातीची प्रत जोडली आहे. २ मे रोजी मेकॅनिकने तपासली तेव्हा मागची चासी कापून वेल्ड केलेली आढळली. त्याचा लेखी अहवाल आणि ३,१५० डॉलरचं दुरुस्तीचं एस्टिमेट सोबत आहे. हे वागणं मॅसॅच्युसेट्स जनरल लॉजच्या चॅप्टर ९३-ए चं उल्लंघन आहे. कलम ९ प्रमाणे ३० दिवसांत लेखी आणि वाजवी प्रस्ताव द्यावा."

एवढंच. तुमचं नाव-पत्ता, त्यांनी काय केलं, तुमचं काय गेलं. 'तुम्हाला धडा शिकवीन', 'गूगलवर एक स्टार देईन' असलं काही घालू नका. पत्र सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह पाठवा. पोचल्याचं जे कार्ड परत येतं ते हिरवं असतं. आपल्यापैकी अनेकांना इतक्या झटपट मिळणारं ग्रीन कार्ड हेच एक. फाइलला लावा.

आता या पत्राचं गणित. डीलरने काहीच उत्तर दिलं नाही आणि कोर्टाला दिसलं की त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा बदनियतीने पत्र धुडकावलं, तर ३,१५० चे कमीत कमी दुप्पट, म्हणजे ६,३००, आणि जास्तीत जास्त तिप्पट, ९,४५० डॉलर होतात. शिवाय वकिलाची फी. उलट समजा त्याने ३० दिवसांत लेखी ३,००० देऊ केले आणि तुम्ही रागाच्या भरात नाकारले. कोर्टाला तो प्रस्ताव वाजवी वाटला तर तुम्हाला ३,००० च मिळतील, वर्षभर भांडूनही. म्हणून प्रस्ताव आला की एक रात्र जाऊ द्या, मग उत्तर द्या.

कोर्टात जाण्याआधी करार उघडा

फोन, बँक, जिम, अ‍ॅप यांच्या करारात आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं, कलम असतंच असतं. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला एटीअँडटीने 'फुकट' फोन दिला आणि ३०.२२ डॉलर सेल्स टॅक्स लावला. त्यावरचा, अनेक ग्राहकांच्या वतीने लावलेला क्लास अ‍ॅक्शन २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने अडवला, कारण करारात एकेकट्याने आर्बिट्रेशनला जायचं लिहिलेलं होतं. मात्र अशा बऱ्याच करारांत स्मॉल क्लेम्स कोर्टाची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची, वाट उघडी ठेवलेली असते. ती ओळ शोधा.

स्मॉल क्लेम्समध्ये वकील लागत नाही. कॅलिफोर्नियात तर आणताच येत नाही. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, न्यू जर्सीत ५,००० पर्यंत, टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० पर्यंत. मॅसॅच्युसेट्सची मर्यादा ७,००० आहे, पण मूळ नुकसान तेवढ्यात बसत असेल तर दुप्पट-तिप्पट होऊन रक्कम वर गेली तरी चालते. या मर्यादा अधूनमधून वाढतात, तेव्हा दाखल करायच्या दिवशी कोर्टाच्या साइटवर एकदा बघून घ्या.

रक्कम मोठी असेल तर वकील. 'जिंकल्यावर फी समोरचा देतो' ही या कायद्यांची खरी ताकद, त्यामुळे छोट्या प्रकरणांनाही वकील मिळू शकतो. दोन राज्यांत जपून. फ्लोरिडात जिंकणारा कोणीही असो, हरणाऱ्याकडून फी मागू शकतो. टेक्ससमध्ये दावा निराधार किंवा केवळ छळण्यासाठी आहे असं ठरलं तर समोरच्याची फी तुमच्या माथी बसते.

भारतात परत निघाला असाल तर

परत गेल्याने अधिकार जात नाही, पण स्मॉल क्लेम्सला साधारणपणे स्वतः हजर राहावं लागतं, म्हणून शक्य असेल ते निघण्याआधी दाखल करा. डिपॉझिटसाठी मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी दोन्हीकडे घर सोडल्यापासून मालकाला ३० दिवस असतात, म्हणजे तोवर तुम्ही पुण्यात पोचलेले असाल. घरमालकाला भारतातला पत्ता, ईमेल आणि बँकेचा तपशील लेखी द्या, त्याची प्रत ठेवा, आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ चावी देण्याआधी काढा, ओव्हनच्या आतलासुद्धा.